एका टेबलावरचे चार पगार: हार्टफर्डमधल्या एका प्रोजेक्टचं प्रकरण

या प्रकरणात मी तिऱ्हाईत नाही, हे आधीच सांगतो. २०१५ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्डच्या एका विमा कंपनीचं आयटीचं काम आमच्या कंपनीकडे आलं. तेव्हा ट्रान्झिशन मॅनेजर, म्हणजे ते काम तिकडच्या टीमकडून आमच्याकडे हलवणारा, मीच होतो. कोण ऑनसाइट जाणार, कोण पुण्यात बसणार, कोणाच्या नावापुढे कोणता दर, ती शीट माझ्याच लॅपटॉपवर होती. माणसांची नावं बदलली आहेत, पगार जवळच्या हजारावर आणले आहेत, कंपन्यांची नावं देत नाही. कायद्याचे नियम आणि तारखा मात्र आहेत तशा ठेवल्यात, कारण सगळी गोष्ट त्यांच्यावरच फिरते.

पार्श्वभूमी

हार्टफर्ड हे विम्याचं गाव. तिथल्या कंपन्यांच्या पॉलिसी अजूनही मेनफ्रेमवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मोठ्या संगणकांवर चालतात: कोबॉल, जेसीएल, डीबी२. आमच्या क्लायंटची सिस्टिम १९८० च्या दशकातली होती आणि ती सांभाळणारी घरची टीम ५३ जणांची. त्यातले ३४ जण जाणार, १९ राहणार, असं ठरलं. ३४ च का, असं मी एकदा विचारलं होतं. क्लायंटच्या माणसाने हसून सांगितलं की वकिलांनी ५० च्या आत राहायला सांगितलंय. एका ठिकाणी मोठी कपात केली तर ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि तो कायदा सर्वसाधारणपणे ५० माणसांपासून लागू होतो.

जाणाऱ्यांपैकी एक डेबोरा. वय ५७, नोकरी २२ वर्षं, पगार वर्षाला १,१२,००० डॉलर.

तिचं काम घेणारा सुहास. तासगावजवळच्या एका गावचा, घरची द्राक्षबाग, सांगलीला इंजिनिअरिंग. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्याचं एच-१बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाचं पिटिशन टाकलं तेव्हा मेनफ्रेमवर आठ वर्षं झाली होती. त्या वर्षी ८५,००० जागांसाठी पहिल्याच आठवड्यात सुमारे १,२४,००० अर्ज आले आणि लॉटरी काढावी लागली. सुहासचा नंबर लागला. जानेवारी २०१४ मध्ये तो न्यू जर्सीत दुसऱ्या एका क्लायंटकडे ६२,००० डॉलरवर रुजू झाला. दीड वर्षाने मी त्याला हार्टफर्डला ओढला, ६६,००० वर.

तिसरी अर्चना. हिंजवडीतून रात्रीच्या शिफ्टला हीच सिस्टिम बघणार. साडेनऊ लाख रुपये, तेव्हाच्या भावाने साधारण १५,००० डॉलर.

चौथी वृषाली, सुहासची बायको. रसायनशास्त्रात एमएस्सी, पुण्यात प्रयोगशाळेत नोकरी करत होती. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर गेली, आणि त्या व्हिसावर तेव्हा काम करायला बंदी. तिचा पगार शून्य. माझ्या शीटमध्ये तिचा रकाना नव्हता, पण हिशेबात ती होती. ते पुढे येईल.

अडचण नेमकी कुठे होती

आपल्याकडे या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. एक, आपली पोरं हुशार म्हणून त्यांना बोलावतात. दोन, आपली पोरं स्वस्त म्हणून बोलावतात. या प्रोजेक्टमध्ये दोन्हींपेक्षा वेगळी गोष्ट घडली, आणि ती एका वाक्यात घडली. ते वाक्य मी लिहिलं होतं.

एच-१बी पिटिशनच्या आधी अमेरिकेच्या श्रम खात्याकडून एलसीए मंजूर करून घ्यावा लागतो. त्या भागात त्या कामाला जो चालू पगार आहे, निदान तेवढा आम्ही देऊ, असा तो जबाब. चालू पगाराच्या चार लेव्हल असतात. त्या ढोबळमानाने १७, ३४, ५० आणि ६७ व्या शतमकावर बसतात. म्हणजे लेव्हल एकचा पगार तिथल्या शंभरातल्या सोळा-सतरा जणांच्याच वर असतो, आणि लेव्हल तीनला कुठे मधल्या माणसाचा पगार येतो. लेव्हल ठरते ती कामाच्या वर्णनावरून. माणसाला किती येतं याचा तिथे संबंध नाही. जागेसाठी दोन वर्षांपर्यंतचाच अनुभव मागितला तर पायरी वाढत नाही, त्याहून जास्त मागितला की चढत जाते. श्रम खातं हा कागद सात कामाच्या दिवसांत काढतं, आणि तपासतं ते रकाने भरलेत का आणि ढोबळ चूक आहे का, एवढंच.

व्हिसाचे कागद बघणाऱ्या आमच्या मोबिलिटी टीमकडून मला एक जुना साचा आला. मी त्यात लिहिलं: पदवी, दोन वर्षांपर्यंत अनुभव, वरिष्ठांच्या निकट देखरेखीखाली नेमून दिलेली कामं करणे. आठ-दहा वर्षं कोबॉल लिहिणाऱ्या माणसाबद्दल मी हे लिहिलं. देखरेख कोण करणार होतं? मी. मला जेसीएलची एक ओळ धड वाचता येत नव्हती.

लेव्हल एकचा आकडा ६०,००० च्या थोडा वर होता, लेव्हल दोनचा ७६,००० च्या आसपास. ६६,००० देऊन आम्ही कायद्याच्या आत राहिलो.

या ६०,००० चाही एक इतिहास आहे. १९९८ च्या कायद्याने, ज्या कंपन्यांत एच-१बीवाल्यांचं प्रमाण मोठं असतं (मोठ्या कंपनीत १५ टक्के किंवा जास्त), त्यांच्यावर जादा बंधनं घातली: अमेरिकन माणसाला काढून त्याच्या जागी हा माणूस बसवणार नाही, क्लायंटकडेही नाही, आणि आधी तिथल्याच लोकांत शोध घेऊ. पण त्याच कायद्यात पळवाट होती. ज्याला ६०,००० डॉलर मिळतात किंवा ज्याच्याकडे त्या विषयातली मास्टर्स पदवी आहे, त्याच्यासाठी ही बंधनं लागू नाहीत. १९९८ मध्ये ६०,००० हा घसघशीत पगार होता. आकडा नंतर वाढवलाच नाही. २०१५ मध्ये तो हार्टफर्डसारख्या ठिकाणी जवळपास सर्वात खालच्या पायरीचा पगार होता, आणि तेवढा दिला की डेबोराला घरी पाठवून सुहासला बसवणं कायदेशीर.

पहिला निर्णय: लेव्हल

खरी लेव्हल लिहायची संधी कंपनीसमोर निदान दोनदा आली. पहिली २०१३ ची, पण तेव्हा सुहास माझ्या टीममध्ये नव्हता. दुसरी २०१५ ची, आणि ती पूर्णपणे माझी. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इमिग्रेशन खात्याच्या अपील कार्यालयाचा एक निर्णय आला: कामाचं ठिकाण दुसऱ्या महानगर भागात गेलं तर नुसता नवा एलसीए पुरत नाही, सुधारित पिटिशन टाकावंच लागतं. म्हणजे सुहाससकट अकराही जणांचे कागद नव्याने होणार होते. अनुभवाच्या रकान्यात खरं काय ते लिहायला कोणी हात धरला नव्हता.

मी हिशेब केला होता. लेव्हल दोन धरली तर माणशी साधारण १०,००० डॉलर, अकरा जणांचे वर्षाला १,१०,०००. मी तो डिलिव्हरी हेडला दाखवला. त्यांचं उत्तर तीन शब्दांचं होतं: "मार्जिन कुठून आणणार?" मी शीट बंद केली.

आता हा हिशेब क्लायंटच्या बाजूने मांडून बघा. तो मी त्या वेळी मांडला नाही, नंतर मांडला. सुहासचा बिलिंग दर तासाला ७२ डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे दीड लाख. डेबोराचा पगार, विमा, पेन्शन सगळं धरून क्लायंटला तिचा खर्च १,४५,००० च्या आसपास. म्हणजे क्लायंटला सुहास स्वस्त पडलाच नाही, उलट चार पैसे महागच पडला! बचत झाली ती अर्चनाकडून. पुण्याचा दर २४ डॉलर, वर्षाला ४७,००० च्या जवळ. ३४ जणांच्या ४९ लाखांऐवजी अकरा ऑनसाइट आणि चाळीस पुण्यात मिळून ३५ लाख. वर्षाला १४ लाख डॉलर वाचले.

कोकणात ओढ्यावर साकव टाकतात, पावसाळ्यापुरता. सुहास तो साकव होता. त्याच्यावरून काम पुण्याला गेलं. साकवाला किती पैसे दिले यावर सौदा ठरत नव्हता, आणि ६६ ऐवजी ७६ हजार दिले असते तरी क्लायंटची बचत एका डॉलरने घटली नसती. घटलं असतं ते आमचं मार्जिन, तेही सोसण्याइतकंच. त्याचा पगार कमी होता कारण तो कमी ठेवता येत होता. त्याचा व्हिसा आमच्या नावावर होता.

नोटीस

एलसीएची नोटीस कामाच्या जागी, सहज दिसेल अशा दोन ठिकाणी दहा दिवस लावावी लागते. त्यात जागा किती, काम काय, पगार किती, हे लिहिलेलं असतं. दुसऱ्याच्या ऑफिसात माणसं पाठवणाऱ्या कंपन्या हे बऱ्याचदा गुंडाळतात. आम्ही लावली. क्लायंटच्या एचआरने जागा दाखवल्या: एक किचनेटमध्ये फ्रिजच्या कुशीत, दुसरी कॉपिअरच्या खोलीत, कागदाच्या रिमांच्या मागे जो बोर्ड आहे त्यावर. तिथे कोण जातंय, असा त्यामागचा विचार.

डेबोरा जात होती. तिला केटीसाठी, म्हणजे आपलं काम सुहासला शिकवून सोपवण्यासाठी, मेनफ्रेमवर चालणाऱ्या जुन्या जॉबच्या लिस्टिंग छापायच्या होत्या. कागद संपला म्हणून तिने रीम उचलली, आणि मागे बोर्ड. ती माझ्या क्युबिकलपाशी आली, हातात कॉफीचा मग. "सिस्टिम्स ॲनालिस्ट, अकरा जागा, ६६,०००," ती म्हणाली. "हा पगार मला २००१ साली होता." मग सुहासकडे बघून, मला उद्देशून: "याला माहीत आहे का?"

सुहासला माहीत नव्हतं. म्हणजे आपला पगार माहीत होता, तिचा नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि परत स्क्रीनकडे वळला. संध्याकाळी गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "सर, मला वाटायचं इकडे एवढाच असतो."

दुसरा निर्णय: केटीवरची सही

केटी दहा आठवड्यांची होती. जाणाऱ्या माणसाला नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एक आठवड्याचा पगार मिळणार होता. डेबोराचे बावीस आठवडे. पण अट अशी की केटी पूर्ण झाल्याची सही घेणाऱ्याने करायची. शिवाय कंपनीविरुद्ध जाहीर बोलणार नाही, हेही तिने लिहून द्यायचं. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या न्याय समितीपुढे अशाच प्रकरणांवर सुनावणी झाली होती. एक कॅलिफोर्नियातल्या वीज कंपनीचं होतं. ज्यांच्यावर बेतली त्यातले बहुतेक जण अशाच करारांमुळे तोंड उघडू शकत नव्हते.

आठव्या आठवड्यात सुहास अडला. वर्षअखेरीच्या मूल्यांकनाचा एक जॉब होता, तो वर्षातून एकदाच, ३१ डिसेंबरच्या रात्री चालायचा. ऑक्टोबरमध्ये तो चालवून दाखवणं शक्य नव्हतं. नुसतं सांगून त्याला समजलंय असं त्याला वाटत नव्हतं. सही केली नाही तर डेबोराचे बावीस आठवडे लटकणार. केली, आणि डिसेंबरमध्ये जॉब पडला, तर खापर त्याच्यावर, आणि नोकरी गेली तर व्हिसाही गेला. तेव्हा ६० दिवसांची सवलतही नव्हती. ती जानेवारी २०१७ पासून आली. २०१५ मध्ये नोकरी सुटली की दुसऱ्या दिवसापासून तुमचा मुक्काम बेकायदा.

मला विचारायला आला. मी म्हटलं, सही करून टाक. त्याने माझं अर्धंच ऐकलं. सही केली, पण खाली दोन बाबी "बाकी" म्हणून लिहिल्या, आणि त्या डेबोराच्या हातून सुटलेल्या नसून वेळापत्रकामुळे राहिल्यात, असं स्पष्ट नोंदवलं. एचआरने दोन दिवस कुरकुर केली आणि मान्य केलं. या सगळ्या प्रकरणात ज्याला नीट घेतलेला निर्णय म्हणावं असा मला हा एकच दिसतो, आणि तो माझा नव्हता.

डेबोरा जाताना एक बाइंडर ठेवून गेली. हिरव्या पट्ट्यांचा जुना प्रिंटआउट, समासात पेन्सिलीने टिपणं. डिसेंबरच्या शेवटच्या रात्री जॉब ॲबेंड झालाच, म्हणजे मध्येच बंद पडला: एस-झिरो-सी-सेव्हन, म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काहीतरी आलेलं. सुहास आणि पुण्यातून अर्चना दोघं पहाटेपर्यंत फोनवर होते. शेवटी बाइंडरच्या समासात सापडलं: १९९९ मध्ये बदललेली एक जुनी फाइल, तिच्यात रिकाम्या जागा आधी शून्याने भराव्या लागतात. डॉक्युमेंटेशनमध्ये याचा उल्लेख कुठेच नव्हता.

सुहाससमोरचे पर्याय

नोटिशीनंतर सुहास बदलला. श्रम खातं एलसीएची आकडेवारी दर तीन महिन्यांनी खुली करतं. कंपनी, गाव, पद, पगार, सगळं. त्याने ती फाइल उतरवून घेतली आणि हार्टफर्डच्या भागातले मेनफ्रेमवाले वेगळे काढले. आमच्यासारख्या कंपन्यांकडचे ६० ते ७० हजारांत. विमा कंपन्यांनी स्वतः घेतलेले ९५ च्या पुढे. काम तेच.

२०१६ च्या सुरुवातीला त्याच्यासमोर जे पर्याय होते ते असे. आहे तिथेच राहून ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू करून घ्यायची. एखाद्या छोट्या कन्सल्टन्सीत जायचं, जिथे बिलिंगचे ऐंशी टक्के तुमचे म्हणतात, पण प्रोजेक्ट संपला की पगार थांबतो. (बेंचवर असतानाही पगार द्यावाच लागतो असा नियम आहे. तो मोडला जातो हे न्यू जर्सीतल्या कोणत्याही भाड्याच्या घरात ऐकायला मिळेल.) विमा कंपनीतच थेट नोकरी शोधायची. श्रम खात्याकडे तक्रार करायची. किंवा परत यायचं. वडिलांचं मत या शेवटच्याला होतं, पण त्या वर्षी द्राक्षाला दर नव्हता आणि बागेचं कर्ज सुहासच्या पगारातून फिटत होतं.

तक्रारीचा विचार त्याने गांभीर्याने केला. पण तक्रार करायची ती कशाची? लेव्हल एकला जेवढा द्यायचा, त्याच्या वरच आम्ही देत होतो. वर्णन खोटं आहे हे सिद्ध करायचं तर आधी माझ्या त्या वाक्यावर बोट ठेवावं लागलं असतं, आणि चौकशी चालू असताना व्हिसा आमच्याच हातात. पुण्यात सही केलेला चार लाखांचा बाँडही होता. मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून एच-१बीवाल्याकडून दंड वसूल करायला अमेरिकन कायदा मनाई करतो, पण हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

मी त्याला पहिल्या पर्यायाकडे ढकललं. त्यात माझा स्वार्थ होता: तो गेला तर अकाउंट हलणार. पण त्याला ते पटलं वेगळ्या कारणाने. २६ मे २०१५ पासून एक नियम लागू झाला होता: नवऱ्याचं किंवा बायकोचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने टाकलेलं पिटिशन, मंजूर असेल तर एच-४ वरच्या जोडीदाराला काम करता येतं. वृषालीचा शून्य बदलायचा रस्ता त्या कागदातून जात होता.

काय केलं

कंपनीने टाळाटाळ करत का होईना प्रक्रिया सुरू केली. आय-१४० नोव्हेंबर २०१६ मध्ये मंजूर झालं. वृषालीचं वर्क परमिट पुढच्या मार्चमध्ये आलं आणि मिडलटाउनजवळच्या एका प्रयोगशाळेत ती तासाला १९ डॉलरवर लागली. पद तिच्या शिक्षणाच्या मानाने दोन पायऱ्या खालचं. सव्वातीन वर्षांच्या खंडाची ती किंमत होती.

दुसरी दोरी सुटली १७ जानेवारी २०१७ ला. त्या दिवसापासूनच्या नियमानुसार, आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर जुन्या कंपनीने ते मागे घेतलं तरी रद्द होत नाही. रांगेतली तारीख टिकते आणि सहा वर्षांनंतरही व्हिसा वाढवता येतो. सुहासचे १८० दिवस मे महिन्यात भरले. जूनमध्ये त्याने दुसऱ्या एका विमा कंपनीची ऑफर घेतली: १,०४,००० डॉलर, लेव्हल तीन. तुला किती हवेत, असं विचारल्यावर त्याने एलसीएच्या फाइलमधला त्याच कंपनीचा आकडा सांगितला.

पण वेळ वाईट होती. त्या वर्षी ३ एप्रिलपासून एच-१बीची प्रीमियम प्रोसेसिंग, म्हणजे जादा फी भरून लवकर निकाल मिळायची सोय, बंद केली होती. निकाल पंधरा दिवसांऐवजी केव्हा येईल याचा नेम नाही, आणि सरकारकडून प्रश्नांच्या आरएफई धडाधड येत होत्या. खास करून लेव्हल एकवर: काम इतकं प्राथमिक आहे तर त्याला तज्ज्ञ कशाला, असा त्यांचा सवाल. आम्ही पैसे वाचवायला लिहिलेलं वाक्य आमच्याच पंधरा-वीस माणसांच्या मुळावर आलं, त्यातले काही परत आले. कायद्याने नवीन पिटिशन दाखल झालं की लगेच नव्या ठिकाणी रुजू होता येतं. पण ते नामंजूर झालं तर जुनी नोकरी सुटलेली आणि नवी नाही.

सुहास थांबला. निकालाशिवाय हलायचं नाही, असं त्याने नव्या कंपनीला सांगितलं आणि त्यांनी जागा धरून ठेवली. ३ ऑक्टोबरला प्रीमियम सगळ्यांसाठी पुन्हा सुरू झाली, नव्या कंपनीने १,२२५ डॉलर भरले, महिनाअखेर मंजुरी आली. त्या चार महिन्यांत त्याने आमच्याकडे कोणाला काही कळू दिलं नाही. राजीनामा दिला तेव्हा मी त्याला ८०,००० देऊ केले. दोन वर्षांपूर्वी मार्जिन नव्हतं, तेच त्या दुपारी एका फोनवर मिळालं.

काय झालं

सुहासचा पगार एका सहीने ३८,००० डॉलरने वाढला. कोबॉल त्याला जेवढं आदल्या दिवशी येत होतं तेवढंच दुसऱ्या दिवशी येत होतं.

डेबोराला पाच महिने काम मिळालं नाही. मग मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला कंत्राटी काम, तासाला ५५ डॉलर, विमा स्वतःचा स्वतः. सगळं धरून आधीपेक्षा कमीच. मागे उरलेल्या १९ जणांचं कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. पुढची दोन वर्षं त्यांना पगारवाढ नव्हती, आणि मागायला एकही जण वर गेला नाही. त्यांना कोणी धमकावलं नव्हतं. ३४ रिकाम्या खुर्च्या पुरेशा होत्या. ज्या उपाध्यक्षांनी सौदा केला ते बढती घेऊन गेले. अर्चनाला आठ टक्के वाढ मिळाली, नंतर ती दुसरीकडे गेली. तिच्या जागी आलेला फ्रेशर साडेतीन लाखांवर होता, आणि हा आकडा हिंजवडीत बरीच वर्षं जागचा हललेला नव्हता.

एका टेबलावरून देशाचा निष्कर्ष काढू नये हे मान्य. पण मोठ्या अभ्यासांचा कल फार वेगळा नाही. जॉन बाउंड, गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस यांनी १९९४ ते २००१ या काळाचा हिशेब मांडला. बाहेरून संगणकतज्ज्ञ आले नसते तर २००१ मध्ये अमेरिकन संगणकतज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्के जास्त असते आणि त्यांच्या नोकऱ्या ६.१ ते १०.८ टक्के जास्त. त्याच हिशेबात आयटी कंपन्यांचा नफा वाढला आणि ग्राहकांना वस्तू स्वस्त पडल्या. म्हणजे एकूण फायदा झाला, पण डेबोराच्या खिशातून काही गेलं. व्हिसा बंद करा म्हणणाऱ्यांना ब्रिटा ग्लेनन यांचा अभ्यास आवडणार नाही: एच-१बी आखडल्यावर बहुराष्ट्रीय कंपन्यांनी ती कामं अमेरिकेत भरली नाहीत, भारत, चीन, कॅनडातल्या शाखा वाढवल्या.

सुहासचं ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, आणि कोणत्याही एका देशाला त्यातली सात टक्के, मग तो देश आइसलँड असो की भारत. त्याची तारीख २०१६ ची आहे. मुलगी २००९ मध्ये सांगलीत जन्मली. २१ वर्षांची झाली की ती त्याच्या अर्जातून बाहेर पडेल. २०३० फार लांब नाही.

आज करायचं तर

अनुभवाच्या रकान्यात मी खरा अनुभव लिहीन. लेव्हल वर जाईल, मार्जिन खाली येईल, आणि सौदा तरीही होईल. पहिल्याच दिवशी सुहासला श्रम खात्याची ती फाइल दाखवीन, बाँडचं काय होतं तेही सांगेन. केटीची सही आणि भरपाई यांची गाठ मारू नका, असं क्लायंटला लेखी कळवीन, कारण तशी गाठ मारली की शिकणारा माणूस खरं काय ते सांगत नाही. सुहासने सांगितलं, हा अपवाद. आय-१४० ची मागणी तो २०१४ मध्येच करू शकला असता. ती दोन वर्षं गेली नसती तर वृषालीचा खंडही थोडा कमी झाला असता.

नियमांतलं काय बदलावं याबद्दल माझं मत एवढंच की ६०,००० चा आकडा आणि लेव्हल एक या दोन्ही गोष्टी टिकवण्यासारख्या नाहीत. त्याहून जास्त फरक मात्र १७ जानेवारी २०१७ च्या त्या बारीक कलमाने पाडला. पगार वाढवा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. माणसाला फक्त सोडून जाता येऊ लागलं.

१९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी पिटिशनवर १,००,००० डॉलर लावले. सुहासच्या २०१५ च्या पूर्ण वर्षाच्या पगाराच्या दीडपट. मी आता बाणेरला एका परदेशी कंपनीच्या केंद्रात काम करतो. नोव्हेंबरमध्ये असंच एक काम आलं, तिकडच्या २६ जागा जाणार होत्या. ऑनसाइटच्या रकान्यात किती धरायचे, असं मी सवयीने विचारलं. शून्य, असं उत्तर आलं. केटी टीम्सवर झाली, सगळी रेकॉर्डिंगं फोल्डरमध्ये आहेत. एलसीए नाही, त्यामुळे नोटीसही नाही, आणि तिकडच्या सव्वीस जणांपैकी कोणालाही इकडचा पगार कळलेला नाही.